रस्त्यावर आणताना

आन्सगार लिंडविगने क्वाड बाईक ट्रेलरवरून खाली घेतली
आणि म्हणाला, "हिला रस्त्यावर आण."

मी बोल्टचा डबा शोधत होते, हसले.
रस्त्यावर माणसं येतात, संसार येतात.
ही तर बावीस वर्षं रस्ता
फक्त आडवा ओलांडत आलेली,
या कुरणातून त्या कुरणात,
मागच्या रॅकवर आजारी कोकरू बांधून.

"मेंढ्या दिल्या," तो म्हणाला. "गुडघे राहिले नाहीत.
कुरणही दिलं. आता हिला जायला
डांबराशिवाय उरलंय काय?"

आधी टायर काढले.
खाचांतून सुकलेला चिखल पडला, लेंड्या,
लोकरीचा करडा पुंजका, कसल्यातरी गवताचं बी.
झाडून दाराबाहेर लोटलं.
नवे गुळगुळीत टायर चढले तेव्हा
ती चर्चला निघालेल्या लोहारासारखी दिसली,
पायात जावयाचे बूट.

मग आरसे, एका मोडक्या स्कूटरचे.
इतकी वर्षं तिच्या मागे धूळ होती आणि धुळीत कुत्रा;
बघायची गरज नव्हती, भुंकणं ऐकू यायचं.
आन्सगार डावा आरसा फिरवत राहिला.
"यात मीच दिसतो."
"तुम्ही दिसणार नाही असा फिरवायचा," मी म्हटलं.

हॉर्न वाजला तसा माझा बोका कपाटावर.
शिट्टीवर तीनशे मेंढ्या वळवणारा माणूस
लाल बटणाकडे बघून म्हणाला,
"हे कुणाला कळतं?"

ब्रेकचा दिवा, नंबरपाटी, पाटीवर चिमुकला बल्ब:
कायद्याला एवढं पुरलं असतं.
इंडिकेटर त्यानेच मागितले.
"वळतो ते लोकांना सांगायला हवं ना."
लोक म्हणजे अकरा मैलांत
दोन धान्याचे ट्रक, शाळेची एक बस आणि मी.
मोंटानात याला शेजार म्हणतात.

तर तपकिरी वायर, निळी वायर, सीटखाली रिले.
एलईडी वीज इतकी कमी पितात
की रिलेला वाटतं बल्बच गेला,
आणि तो धाप लागल्यासारखा उघडझाप करतो.
मध्ये एक रोधक जोडावा लागतो, नुसता तापणारा,
काही न करता भार होणारा.
तेव्हा कुठे लय लागते.
आन्सगारला हे फार आवडलं. दोनदा सांगायला लावलं.

मडगार्डवर स्टिकर होता: सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये.
पात्याने खरवडला. "नये" आधी निघालं.
बाकीचं निघेचना, तसंच ठेवलं.

कोर्टहाउसात रोबर्टा ट्यूक्सने कागदावर शिक्का मारला,
टेबल हललं.

एकच गोष्ट मला नीट करता आली नाही.
मागचा आस एकसंध, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार.
चिखलात ते खपतं, चिखल सरकून जागा देतो.
डांबर नाही देत.
वळताना आतलं चाक घासतं, कुरकुरतं,
सरळच जा म्हणतं.

शुक्रवारी तो गावात निघाला.
मागे मी पिकअपमध्ये, उगाच,
वायरी धरतात का बघायला.
ताशी पंचवीस मैल, कडेकडेने.
सहाव्या मैलावर जुनं फाटक,
त्याला नव्या मालकाचं कुलूप.
पन्नास पावलं अलीकडेच
डावा इंडिकेटर लागला.
लय अगदी बरोबर.

मी ब्रेक दाबला, वळायला जागा सोडली.

तो वळला नाही.
फाटक गेलं, तारेचं कुंपण गेलं,
तारेत अडकलेली लोकर गेली,
आणि दिवा तसाच, डावीकडे, डावीकडे,
थेट गावातल्या एकुलत्या स्टॉपच्या पाटीपर्यंत.

तो आपोआप बंद होत नाही, खटका मागे घ्यावा लागतो,
हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.
कॉफी पितानाही नाही सांगितलं.